जोडणीचा पत्ता कोणी द्यायचा?

अष्टविनायकांपैकी एक असलेल्या विघ्नहर गणपतीमुळे जुन्नर तालुक्यातील ओझर हे गाव महाराष्ट्राच्या घराघरांत परिचित आहे. पुण्याहून या क्षेत्री जाणारा भाविक नारायणगावपर्यंत येतो. त्याच नारायणगावच्या पूर्वेस खोडद येथे जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना ओढ लावणारे दुसरे एक ठिकाण आहे. ते म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, अर्थात जीएमआरटी. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या परिश्रमांतून उभी राहिलेली ही दुर्बीण प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची मिळून बनलेली आहे. त्यांपैकी १४ तबकड्या मध्यभागी दाटीने उभ्या आहेत, तर उरलेल्या १६ तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत.

तारांच्या जाळीने विणलेल्या या तबकड्या रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतात. परंतु दुर्बिणीचा न दिसणारा भाग तितकाच मोठा आहे आणि तो म्हणजे सॉफ्टवेअर. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीच्या संकेतांची तुलना करून त्यांतून आकाशाचे चित्र उभे करणे हे सर्वस्वी गणिताचे काम आहे. पूर्वी हे काम खास बनविलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे होते. २०१० च्या सुमारास ते सर्वसाधारण संगणकांच्या समूहावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरकडे आले. दुर्बिणीच्या अद्ययावतीकरणानंतर त्यात ग्राफिक्स प्रोसेसरचीही भर पडली.

हे सॉफ्टवेअर वापरू पाहणाऱ्या नव्या संशोधकासमोर पहिली अडचण गणिताची नसते, खगोलशास्त्राचीही नसते. मिळवलेला प्रोग्रॅम आपल्या संगणकावर ‘बांधला’ जात नाही, ही ती अडचण होय. अमुक फाईल सापडली नाही, तमुक लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही, असे संदेश पडद्यावर उमटतात आणि दिवसामागून दिवस जातात. या त्रासाचे मूळ बहुतेक वेळा एका छोट्याशा प्रश्नात असते. एखादी लायब्ररी कोठे आहे आणि ती कशी जोडावी हे सांगणारी मदतनीस फाईल कोणी लिहायची आणि कोणी वाटायची?

लायब्ररी आणि तिची बांधणी

संगणकशास्त्रात लायब्ररी म्हणजे इतरांनी आधीच लिहून ठेवलेल्या, पुन्हापुन्हा वापरता येणाऱ्या आज्ञांचा संच. कोणताही प्रोग्रॅमर सारे काही स्वतः लिहीत नाही. रेडिओ संकेतातील निरनिराळ्या कंप्रता वेगळ्या करण्यासाठी ‘फूरिए रूपांतर’ हे गणित लागते. त्यासाठी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मॅतेओ फ्रिगो आणि स्टीव्हन जॉन्सन यांनी तयार केलेली ‘एफएफटीडब्ल्यू’ ही लायब्ररी जगभर वापरली जाते. खगोलशास्त्रात निरीक्षणे साठविण्याचा सर्वमान्य नमुना ‘फिट्स’ हा आहे. त्या नमुन्यातील फायली वाचण्या-लिहिण्यासाठी अमेरिकेच्या ‘नासा’ची ‘सीफिट्सआयओ’ ही लायब्ररी आहे. जीएमआरटीची मूळ नोंद तिच्या स्वतःच्या ‘एलटीए’ या नमुन्यात होते आणि मग तिचे फिट्समध्ये रूपांतर केले जाते.

सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करण्याच्या क्रियेला बांधणी किंवा ‘बिल्ड’ म्हणतात. ही क्रिया पार पाडणाऱ्या यंत्रणेला प्रत्येक लायब्ररीविषयी चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. तिच्या हेडर फायली कोणत्या फोल्डरमध्ये आहेत, प्रत्यक्ष लायब्ररी कोठे आहे, तिची आवृत्ती कोणती आणि तिला स्वतःला आणखी कोणत्या लायब्ररी लागतात. ही माहिती देणारी छोटी फाईल म्हणजे मदतनीस फाईल.

व्यवहारातील उदाहरण द्यायचे तर हा प्रश्न पत्त्याचा आहे. एखाद्या गृहस्थाने घर बदलले, तर नवा पत्ता तोच अचूक सांगू शकतो. त्याऐवजी शंभर परिचितांनी आपापल्या डायरीत जुना पत्ता उतरवून ठेवला असेल, तर शंभर डायऱ्या एकाच दिवशी चुकीच्या ठरतात. सॉफ्टवेअरच्या जगात गेली तीसेक वर्षे हेच घडत आले आहे.

मदतनीस फाईलचा इतिहास

१९९१ मध्ये ‘ऑटोकॉन्फ’ हे साधन आले. निरनिराळ्या युनिक्स संगणकांवर एकच प्रोग्रॅम बांधता यावा, हा त्याचा हेतू होता. त्यासाठी ‘एमफोर’ या भाषेत छोटे तुकडे लिहावे लागत. १९९० च्या दशकात अनेक लायब्ररींनी असे तुकडे आणि सोबत ‘अमुक-कॉन्फिग’ नावाची एक लहानशी आज्ञावली स्वतःच द्यायला सुरुवात केली. कल्पना चांगली होती, पण प्रत्येक लायब्ररीची तऱ्हा वेगळी होती. शिवाय ज्यांना हे तुकडे लागत, ते बहुधा त्यांची नक्कल करून आपल्याच प्रकल्पात ठेवून देत.

२००० साली ‘ग्नोम’ प्रकल्पाच्या परिसरातून ‘पीकेजी-कॉन्फिग’ पुढे आले. त्याने हा गुंता पुष्कळ सोपा केला. प्रत्येक लायब्ररीने ‘.पीसी’ असा शेवट असलेली काही ओळींची मजकूर-फाईल ठरावीक जागी ठेवायची आणि बांधणी यंत्रणेने ती वाचायची. या फाईलमध्ये आज्ञा नसतात, केवळ माहिती असते. त्याच सुमारास अमेरिकेतील ‘किटवेअर’ कंपनीने वैद्यकीय प्रतिमांच्या एका प्रकल्पासाठी ‘सीमेक’ ही बांधणी यंत्रणा तयार केली. तीत दोन मार्ग आहेत. एका मार्गाने लायब्ररीचा वापरकर्ता ‘शोध-फाईल’ लिहितो आणि ती लायब्ररी कोठे असू शकेल याचा अंदाज बांधते. दुसऱ्या मार्गाने लायब्ररी स्वतःच ‘कॉन्फिग-फाईल’ देते आणि आपण कोठे आहोत हे निश्चितपणे सांगते. शोध-फाईल अंदाज करते, कॉन्फिग-फाईल साक्ष देते. दोहोंतील हा भेद या विषयाचा गाभा आहे.

खोडदच्या विदेवर चालणारे प्रोग्रॅम

जीएमआरटीच्या विदेतून स्पंदक तारे, अर्थात पल्सार, शोधण्यासाठी ‘प्रेस्टो’ नावाचा मुक्त प्रोग्रॅम वापरला जातो. दक्षिण आकाशाच्या ‘जीएचआरएसएस’ या सर्वेक्षणातही तो वापरला गेला. प्रेस्टोची अनेक वर्षे वापरात असलेली मेकफाईल, म्हणजे बांधणीची सूचना-फाईल, उघडून पाहिली की प्रस्तुत प्रश्न एकाच पानावर दिसतो. एफएफटीडब्ल्यू, सीफिट्सआयओ आणि ‘जीलिब’ या तीन लायब्ररींसाठी तेथे फक्त पीकेजी-कॉन्फिगला विचारणा केलेली आहे. या लायब्ररी आपापली ‘.पीसी’ फाईल सोबत आणतात, त्यामुळे प्रत्येकीसाठी दोन-तीन ओळी पुरतात. ‘पीजीप्लॉट’ या आलेख काढणाऱ्या जुन्या लायब्ररीचे तसे नाही. तिच्यासाठी फोल्डरचे नाव वापरकर्त्याने स्वतः संगणकाला सांगायचे आणि तिला लागणाऱ्या इतर लायब्ररींची यादी हाताने लिहायची, अशी व्यवस्था होती. नवख्याचा वेळ जातो तो नेमका याच ओळीवर. पुढे प्रेस्टोने ‘मेसॉन’ ही नवी बांधणी यंत्रणा स्वीकारली.

दुसरे उदाहरण ‘पीएसआरकाइव्ह’ आणि ‘डीएसपीएसआर’ या जोडीचे. जीएमआरटीवर आधारलेल्या भारतीय पल्सार टायमिंग अॅरे या गटाच्या कामात हे प्रोग्रॅम लागतात. त्यांच्या सोर्स कोडमध्ये ‘स्विन-लिब’ या नावाने सुरू होणाऱ्या एमफोर फायलींचा एक संचच आहे. त्यात सीफिट्सआयओसाठी एक, पीजीप्लॉटसाठी एक, अशी प्रत्येक लायब्ररीसाठी स्वतंत्र फाईल आहे. म्हणजे लायब्ररींनी न सांगितलेले पत्ते वापरकर्त्यांनी स्वतः शोधून लिहून काढले आणि मग तोच संच भावंड-प्रकल्पांत फिरत राहिला. याच पीएसआरकाइव्हने आपल्या वापरकर्त्यांसाठी मात्र योग्य मार्ग ठेवला आहे. त्याच्यासोबत एक लहान आज्ञा येते आणि तिला विचारले की ती आपल्या हेडरचा व लायब्ररीचा ठावठिकाणा सांगते. एकाच प्रकल्पात प्रश्न आणि त्याचे उत्तर अशी दोन्ही शेजारी-शेजारी नांदताना दिसतात.

रेडिओ प्रतिमा तयार करणाऱ्या प्रोग्रॅमांच्या पायाशी असलेल्या ‘कासाकोअर’ या लायब्ररीचीही कथा अशीच. ती शोधणारी सीमेकची शोध-फाईल ‘डब्ल्यूएसक्लीन’, ‘एओफ्लॅगर’ अशा प्रकल्पांत नक्कल होऊन पोहोचली. नकला वाढल्या की एका प्रतीतील दुरुस्ती दुसरीपर्यंत पोहोचेलच याची खात्री उरत नाही.

अर्धवट मदत अधिक घातक

लायब्ररीने फाईल दिली म्हणजे काम संपले, असेही नाही. एफएफटीडब्ल्यूसारख्या उत्तम लायब्ररीचाच अनुभव बोलका आहे. ती ऑटोटूल्स आणि सीमेक या दोन्ही पद्धतींनी बांधता येते. तिच्या ३.३ मालिकेतील काही आवृत्त्या ऑटोटूल्सने बांधल्या, तर सीमेकसाठीची कॉन्फिग-फाईल स्थापित होत असे. मात्र ती फाईल ज्या दुसऱ्या फाईलचा आधार घेते, ती केवळ सीमेकने बांधणी केली तरच तयार होत असे. परिणामी सीमेकला लायब्ररी ‘सापडे’ आणि लगेच काम अडे. पत्ता मुळीच नसता तर वापरकर्त्याने दुसरा मार्ग धरला असता. अर्धवट पत्त्याने त्याला बंद दारापाशी नेऊन उभे केले.

हेडर एका आवृत्तीचे आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची, अशी सरमिसळ याहून धोकादायक असते. एका संगणकावर एकाच लायब्ररीच्या दोन-तीन प्रती असणे संशोधन संस्थांत नेहमीचे आहे. अंदाज बांधणारी शोध-फाईल एकीचे हेडर आणि दुसरीचे यंत्रसंकेत उचलू शकते. प्रोग्रॅम बांधला जातो, चालतोही, पण स्मृतीतील रचना जुळत नाहीत. सीफिट्सआयओच्या कर्त्यांनी हे ओळखून फाईल उघडतानाच दोन्हीकडच्या आवृत्ती-क्रमांकांची पडताळणी ठेवली आहे. तफावत असल्यास ती लायब्ररी स्पष्ट शब्दांत तक्रार करते. सर्वच लायब्ररी इतक्या दक्ष नसतात.

अशा चुकीची किंमत कळण्यासाठी एक प्रसंग आठवावा. जून २०२३ मध्ये युरोपीय आणि भारतीय पल्सार टायमिंग अॅरे गटांनी अतिशय मंद कंपनांच्या गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडले. त्यात सुमारे पंचवीस वर्षांची निरीक्षणे गुंफलेली होती आणि अद्ययावत जीएमआरटीचा त्यात महत्त्वाचा वाटा होता. स्पंदनांच्या आगमनवेळा सेकंदाच्या दशलक्षांश भागापर्यंत मोजाव्या लागतात, तेव्हा अशी गणिते हाती येतात. हा निष्कर्ष आणखी दहा वर्षांनी दुसऱ्या कोणाला पडताळून पाहायचा असेल, तर मूळ विदा जपून ठेवणे पुरेसे नाही. ती हाताळणारे प्रोग्रॅम त्याच लायब्ररींसह पुन्हा बांधता आले पाहिजेत.

एका मदतनीस फाईलमधून शिरलेला चोर

विस्कळीत वाटपाचा सर्वांत गंभीर परिणाम २०२४ मध्ये जगासमोर आला. ‘एक्सझेड’ हे फायली आकुंचित करणारे साधन बहुतेक लिनक्स संगणकांवर असते. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट असल्याचे जाहीर केले. दूरस्थ संगणकावर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून त्यांना संशय आला होता. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ काम करून प्रकल्पाचा विश्वास संपादन केला आणि मग ही वाट पेरली होती.

या कटाचा पहिला दुवा होता ‘बिल्ड-टू-होस्ट’ नावाची एमफोर मदतनीस फाईल. मुळात ती ‘जीएनयूलिब’ या सामायिक संग्रहातील निरुपद्रवी फाईल आहे. तिची बदललेली प्रत एक्सझेडच्या वितरण-गठ्ठ्यात ठेवलेली होती, पण सर्वांना दिसणाऱ्या सोर्स कोडच्या भांडारात ती नव्हती. बांधणी सुरू झाली की ती चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फायलींतून लपवलेला मजकूर बाहेर काढीत असे. ही गोष्ट वेळीच उघड झाल्याने प्रमुख लिनक्स वितरणांच्या स्थिर आवृत्त्या बचावल्या.

हल्लेखोराने नेमकी हीच जागा का निवडली असावी, याचे उत्तर वर आलेल्या इतिहासात मिळते. एमफोर फायलींच्या नकला प्रकल्पाप्रकल्पांत थोड्याथोड्या बदललेल्या असतात. भांडारात नसलेल्या काही मदतनीस फायली वितरण-गठ्ठ्यात असणे ही रूढ पद्धत आहे. त्यामुळे एखादी ओळ वेगळी दिसली तरी कोणाला नवल वाटत नाही. सवयीच्या अव्यवस्थेत चोर सहज लपतो.

मग वाटप कसे असावे?

या अनुभवांतून काही सूत्रे निघतात. पहिले सूत्र असे की, मदतनीस फाईल लायब्ररीच्या कर्त्यानेच द्यावी आणि ती लायब्ररीबरोबरच, तिच्या शेजारी स्थापित व्हावी. लायब्ररी काढून टाकली की फाईलही जावी, लायब्ररी अद्ययावत झाली की फाईलही व्हावी.

दुसरे सूत्र, ती हाताने लिहिलेली नसावी. लायब्ररी बांधली जात असताना, त्याच नोंदींवरून ती तयार व्हावी. उदाहरणार्थ, सीफिट्सआयओ बांधताना इंटरनेटवरून फायली वाचण्याची सोय सुरू ठेवली, तर तिला ‘कर्ल’ ही आणखी एक लायब्ररी लागते. ती सोय बंद ठेवली तर लागत नाही. कोणता पर्याय निवडला गेला हे केवळ बांधणीच्या क्षणीच ठाऊक असते. आधी लिहून ठेवलेली फाईल हे सांगू शकत नाही.

तिसरे, फाईलमध्ये शक्यतो माहिती असावी, आज्ञा नसाव्यात. ‘.पीसी’ फाईल मेकफाईलला वाचता येते, ऑटोकॉन्फला येते, सीमेक आणि मेसॉनलाही येते. एमफोरचा तुकडा किंवा सीमेकची फाईल हा प्रत्यक्षात एक प्रोग्रॅम असतो. तो एकाच यंत्रणेला समजतो आणि बांधणीच्या वेळी वाटेल ते करू शकतो. ‘कॉमन पॅकेज स्पेसिफिकेशन’ या नावाने लायब्ररीचे वर्णन निव्वळ माहितीच्या रूपात, सर्व यंत्रणांना वाचता येईल असे लिहिण्याचा नवा प्रयत्न सुरू आहे. तो याच दिशेचा आहे.

चौथे, नक्कल करणे अटळच असेल, तर ती कोठून आणि कोणत्या आवृत्तीतून घेतली याची नोंद फाईलमध्येच असावी आणि मूळ प्रतीशी तिची ताडणी वेळोवेळी आपोआप व्हावी. वितरण-गठ्ठ्यात भांडाराबाहेरचे काही असेल, तर ते कोणालाही पुन्हा तयार करून पाहता आले पाहिजे.

पाचवे सूत्र साधे, परंतु बहुधा विसरले जाणारे आहे. लायब्ररीच्या चाचण्यांत एक चाचणी वापरकर्त्याच्या भूमिकेतूनही असावी. लायब्ररी रिकाम्या संगणकावर स्थापित करायची, तिच्याच मदतनीस फाईलच्या आधारे दहा ओळींचा प्रोग्रॅम बांधायचा आणि तो चालतो का ते पाहायचे. एफएफटीडब्ल्यूसारखी अर्धवट फाईल अशा चाचणीतून निसटली नसती.

आक्षेप आणि त्यांचे वजन

या भूमिकेवर आक्षेपही घेतले जातात आणि ते सर्वच पोकळ नाहीत. पीकेजी-कॉन्फिगचा जन्म युनिक्सच्या वातावरणातला आहे. विंडोजवर, किंवा एकाच लायब्ररीचे अनेक घटक स्वतंत्रपणे जोडायचे असतात तेव्हा, तो अपुरा पडतो आणि सीमेकची कॉन्फिग-फाईल अधिक सोयीची ठरते. म्हणून अनेक लायब्ररी दोन्ही फायली देतात. ते योग्यच आहे. मात्र दोन्ही एकाच मूळ नोंदीवरून तयार व्हायला हव्यात, अन्यथा दोन पत्ते दोन दिशांना पाठवतील.

दुसरा आक्षेप कंटेनरवाल्यांचा. प्रोग्रॅम आणि त्याच्या सर्व लायब्ररी एकाच बंद पेटीत भरून दिल्या की वापरकर्त्याला बांधणीच करावी लागत नाही, असे ते म्हणतात. ही सोय खरोखरच मोठी आहे. परंतु ती पेटी भरणाऱ्याला बांधणी करावीच लागते. लायब्ररीत सुरक्षेची त्रुटी निघाली की पेटी पुन्हा भरावी लागते. त्रास नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. वैज्ञानिक लायब्ररी लिहिणारे बहुतेक जण संशोधक असतात. त्यांना शोधनिबंधाचे श्रेय मिळते, मदतनीस फाईल नीट ठेवण्याचे मिळत नाही. त्यांच्यावर आणखी एक ओझे का टाकावे? याचे उत्तर हिशेबाचे आहे. कर्त्याला फाईल एकदा लिहावी लागते आणि प्रत्येक आवृत्तीबरोबर तपासावी लागते. त्याने ती लिहिली नाही, तर तेच काम प्रत्येक वापरकर्त्याला, अपुऱ्या माहितीनिशी, पुन्हापुन्हा करावे लागते. एकाचे वाचलेले काही तास शेकडो जणांचे दिवस खातात. ज्या संस्था संशोधनाला पैसा पुरवतात, त्यांनी दुर्बिणीच्या तबकडीच्या देखभालीप्रमाणेच या कामाचीही तरतूद करणे आणि ते करणाऱ्याला श्रेय देणे, हाच त्यावरचा उपाय आहे.

जीएमआरटी ही जगभरच्या संशोधकांना खुली असलेली वेधशाळा आहे. तिची विदा पुण्यात, तसेच परदेशांतील विद्यापीठांत निरनिराळ्या संगणकांवर उघडली जाते. मोठ्या संस्थेत अडलेल्याला मदत करणारा जाणकार शेजारच्या खोलीत असतो. लहान गावातील महाविद्यालयात तो नसतो. तेथील विद्यार्थ्यासाठी लायब्ररीसोबत आलेली दहा ओळींची अचूक फाईल हाच तो जाणकार. ती फाईल असेल, तर तो त्याच दुपारी विदेकडे वळतो. नसेल, तर कदाचित विषयच सोडून देतो. मुक्त सॉफ्टवेअर आणि मुक्त विदा या शब्दांना खरा अर्थ येतो तो या छोट्या फाईलपाशी. पत्ता ज्याचा त्याने द्यावा, पूर्ण द्यावा आणि घर बदलताच तोही बदलावा, एवढी शिस्त लायब्ररींच्या कर्त्यांनी पाळली तरी पुष्कळ विघ्ने दूर होतील.